तुम्ही व्हा पुढे

ब्रिटनला निघालेल्या मराठी माणसाला तिथे गाडी भाड्याने घ्यायचा धीर येतो तो एकाच गोष्टीमुळे: तिथेही गाडी डावीकडूनच चालवतात. शिवाय आपलं लायसन्स पाहुण्याला बारा महिने चालतं. स्टिअरिंग उजवीकडे, रस्ता डावीकडे, मग घाबरायचं कशाला? माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. अमेरिकेत सगळंच उलटं, त्यामुळे माणूस जीव मुठीत धरून चालवतो. ब्रिटनमध्ये ओळखीचं वाटतं आणि हात सैल सुटतो.

समोरच्याने डिपर मारला की आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं: मी येतोय, तू थांब. ब्रिटनमधल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, मधून जेमतेम एक जाईल एवढी वाट. समोरचा थांबतो आणि डिपर देतो. त्याला म्हणायचं असतं, ‘या, तुम्ही व्हा पुढे.’ आपला माणूस आज्ञाधारकपणे थांबतो. तो पुन्हा दिवे मारतो. आपण आणखी थांबतो. ‘अहो, तो चिडलाय का?’ शेजारच्या सीटवरून विचारणा होते. चिडलेला नसतोच, सौजन्याने घायकुतीला आलेला असतो.

गंमत म्हणजे 1931 पासून निघणाऱ्या ‘हायवे कोड’ या तिथल्या नियमपुस्तिकेला हे दोन्ही अर्थ नामंजूर आहेत. तिच्या लेखी दिव्यांची उघडझाप म्हणजे फक्त ‘मी इथे आहे’. हे जवळजवळ अध्यात्मच झालं. हॉर्नचंही तेच. समोर धोका असेल तरच उभ्या गाडीतून वाजवायचा, आणि वस्तीत रात्री 11.30 ते सकाळी 7 गाडी चालवताना अजिबात नाही. सिग्नल हिरवा होतोय न होतोय तोच मागून येणारा आपल्याकडचा सामुदायिक गजर तिथे बेकायदाच ठरेल.

वेग मैलांत मोजायचा, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक असतं. पांढऱ्या गोलावर तिरकी काळी रेघ दिसली की मात्र आपल्याला वाटतं, चला, मर्यादा संपली! संपत नाही, दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ती ताशी 60 मैल असते. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात हीच पाटी अशा रस्त्यांवर भेटते, जिथे दोन गाड्या शेजारून जाऊच शकत नाहीत. कायदा 60 ची परवानगी देतो, वळणं देत नाहीत.

स्कॉटलंडच्याच स्काय बेटावर असे रस्ते पुष्कळ. ठरावीक अंतरावर बाजूला थोडी रुंद जागा केलेली असते, तिच्यापाशी ‘पासिंग प्लेस’ अशी पाटी. समोरून गाडी दिसली आणि ती जागा आपल्या डावीकडे असेल, तर आत शिरायचं. उजवीकडे असेल, तर आपण तिच्यासमोर रस्त्यावरच थांबायचं आणि समोरच्याने आत शिरायचं. आपला जीव तिथे पटकन उजवीकडे घुसायला बघतो. चढणाऱ्याला आधी वाट देण्याची रीत आपल्या घाटातलीच, फक्त तिथे ती पाळतात. गरज पडली तर माणसं निमूटपणे गाडी मागे घेतात. मागे गाडी आली असेल, तर त्याच जागेत शिरून तिला पुढे जाऊ द्यायचं. जाणारा हात वर करतो, आपणही करायचा. दुपारपर्यंत हात दुखायला लागतो आणि आपण निवडणूक लढवतोय असं वाटू लागतं.

ही जागा गाडी लावायला नसते, हे डोंगराचा फोटो काढायला उतरणाऱ्यांना सांगून पटत नाही. मेंढ्यांना तर कोण सांगणार? एखादी ऐन रस्त्यात रवंथ करत बसते. आता ही ‘धोका’ या सदरात मोडते की नाही, म्हणजे हॉर्न वाजवावा की वाजवू नये, यावर मागच्या सीटवर दोन तट पडतात. एक काका खाली उतरून ‘हुर्रर्र’ करून बघतात. मेंढीला मराठी येत नाही, आणि समोरून एक भलीमोठी कॅम्पर व्हॅन डिपर देत उभी राहते.