इंजिन मळवण्याची कला

ब्रिटिश रेल या सरकारी रेल्वेला इंग्रज माणसाने तिच्या हयातीत जेवढ्या शिव्या घातल्या, तेवढ्या बहुधा फक्त तिथल्या हवेला घातल्या असतील. गाड्या उशिरा, डबे मळके, आणि स्टेशनवरचं सँडविच हा तर राष्ट्रीय विनोदाचा विषय. १९९१ च्या फेब्रुवारीत बर्फ पडून गाड्या अडकल्या, तेव्हा बर्फ वेगळ्याच जातीचा पडला असा खुलासा आला. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘चुकीच्या प्रकारचा बर्फ’ केलं, आणि त्यावर लोक अजून हसतात. १९४८ साली जन्मलेली ही रेल्वे नव्वदच्या दशकात खासगी कंपन्यांत वाटली गेली, तेव्हा कुणी सुतक पाळल्याचं ऐकिवात नाही. आणि आता तीच शिव्या घालणारी माणसं निवृत्तीनंतर माळ्यावर, गॅरेजात, परसातल्या शेडमध्ये तिचीच छोटी प्रतिकृती बांधत बसलेली असतात. मळक्या डब्यांसकट.

मी मूळचा डोंबिवलीकर, नोकरीनिमित्त डर्बीत स्थायिक झालेला. डर्बी हे रेल्वेचंच गाव. इथे पिढ्यान् पिढ्या इंजिनं बांधली गेली, आणि ताशी १२५ मैल धावणारी डिझेल गाडीही इथल्याच संशोधन केंद्रात जन्मली. अशा गावात माणसाला मॉडेल रेल्वेचा संसर्ग होणं अटळ होतं. मला तो शेजारच्या आजोबांकडून झाला. ते डिझेलपंथी. या छंदात वाफेवाले आणि डिझेलवाले असे दोन पंथ आहेत आणि वाफेवाले स्वतःला खानदानी समजतात. त्यांच्या मते डिझेल इंजिन म्हणजे चाकं लावलेला पत्र्याचा डबा. आजोबांचं उत्तर साधं होतं: “मी लहानपणी फलाटाच्या टोकाला वही घेऊन उभा राहिलो, तेव्हा हे डबेच आले. त्याला मी काय करू?”

त्यात तथ्य आहे. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेनंतर ब्रिटिश रेलने वाफ हटवायची घाई केली आणि दिसेल त्या कारखान्याला डिझेल इंजिनांची ऑर्डर दिली. त्यातून काय काय निपजलं! मेट्रोविक नावाचं एक इंजिन होतं. त्याला एका टोकाला सहा चाकं, दुसऱ्या टोकाला चार. धावताना त्याच्या पुढच्या काचा निखळायच्या. अशी वीस बांधली आणि दहाएक वर्षांत सेवेतून काढून टाकली. माणसाने विसरून जावं अशी ही वस्तू. पण तिचं सुबक मॉडेल बाजारात मिळतं आणि लोक ते आवडीने घेतात. याउलट क्लास ३७. १९६० ते ६५ मध्ये ३०९ बांधली, आवाजावरून नाव पडलं ‘ट्रॅक्टर’, आणि त्यातली काही आजही कामावर आहेत. आणि डेल्टिक! बोटींसाठी बनवलेली, त्रिकोणात सिलिंडर रचलेली दोन-दोन यंत्रं पोटात घालून ३३०० अश्वशक्तीने किंग्ज क्रॉसहून एडिंबराकडे सुटणारी फक्त बावीस इंजिनं. १९८२ च्या जानेवारीत त्यांतलं शेवटचं निवृत्त झालं, तेव्हा मोठी माणसं फलाटावर रडली म्हणतात. आजोबा त्यांत होते का, हे मी विचारलेलं नाही. त्यांच्या डेल्टिकच्या मॉडेलमध्ये आवाजाची चिप आहे. बटण दाबलं की ती लगेच धावत नाही. आधी खोकते, मग खाकरते, मग गुरगुरते. तोवर आपण चहा टाकून यावा.

आता या छंदाचं मर्म. दीडशे-दोनशे पौंड मोजून तुम्ही नवं कोरं इंजिन आणता. निळा रंग, पिवळं नाक, बारीक जाळ्या, खिडक्यांचे रबर, सगळं इतकं सफाईदार की हात लावायला भीती वाटावी. आणि मग पहिलं काम काय? ते मळवायचं. पूजेसारखी तयारी असते. वर्तमानपत्र पसरायचं, इंजिनाचं कवच यंत्रावरून अलगद काढायचं, खिडक्यांवर चिकटपट्टी लावायची. पातळ केलेला राखाडी-तपकिरी रंग सगळ्या अंगाला फासायचा. तो अर्धवट सुकला की कापसाच्या काडीला व्हाइट स्पिरिट लावून वरून खाली, फक्त वरून खाली, पुसत यायचं. कारण पावसाचे ओघळ आडवे जात नाहीत. दाराच्या कडांत आणि जाळीच्या फटींत मळ राहू द्यायचा, कारण धुलाईयंत्राचे ब्रश तिथवर पोचत नसत. छपरावर धुराड्याभोवती काजळी. इंधन भरायच्या तोंडाखाली तेलाचा एक ओघळ. एकच. दोन झाले की बटबटीत दिसतं. नाकावर मेलेल्या किड्यांचे बारीक ठिपके देणारे कलावंतही आहेत, पण ती सिद्धी मला अजून लाभलेली नाही.

हे सगळं मनाने करायचं नसतं. ओघळ नेमका कुठे होता, गंज आधी कुठे धरायचा, यासाठी जुने फोटो शोधावे लागतात. फोटो काढणाऱ्याने साहजिकच चांगल्या बाजूने, उन्हात, चकचकीत इंजिनाचा काढलेला असतो. त्यामुळे मागच्या रुळावर चुकून आलेलं कळकट इंजिन हा खरा ठेवा. आमच्या क्लबातले लोक लग्नाचे अल्बमही नवरा-नवरीच्या मागे काय उभं आहे ते बघायला चाळतात.

आई डोंबिवलीहून राहायला आली, तेव्हा माझं एक क्लास ३७ असंच सिद्ध होऊन टेबलावर ठेवलेलं होतं. नुसतं कवच, धुळीचा आभास देणाऱ्या पावडरींचा शेवटचा हात दिलेला, वरचं मॅट व्हार्निश तेवढं बाकी. संध्याकाळी कामावरून आलो तर कवच रेडिएटरजवळ पंचावर पालथं.

“अरे, किती मळलं होतं ते!” आई म्हणाली. “भांड्याचा साबण आणि जुना ब्रश घेऊन घासलं, तेव्हा कुठे निघालं. एवढ्या महागाच्या वस्तू आणता आणि पुसत नाही कधी.”

मी काही बोललो नाही. आईला काय सांगणार, की मळासाठीच रंग विकत घेतला होता आणि तो मळ इंजिनाच्या रंगापेक्षा महाग होता? पुढच्या क्लबदिवशी ते इंजिन मी तसंच रुळावर सोडलं. सभासद जवळ आले, चष्मे वर-खाली झाले. “नुकतंच वर्कशॉपमधून रंगवून आलेलं दिसतंय,” एक जण गंभीरपणे म्हणाला. “शंभरात एखादं असं हवंच. फार अस्सल दाखवलंत.” आईचं काम इतक्या जाणकारांनी याआधी कधी वाखाणलं नसेल.

इतकी काटेकोर माणसं ज्या रुळावर गाडी चालवतात, तो रूळच मुळात खोटा आहे. इंग्लंडातल्या प्रचलित मापात, ज्याला ‘डबल ओ’ म्हणतात, एक फूट म्हणजे चार मिलिमीटर. त्या हिशेबाने इंग्रजी रुळांमधलं चार फूट साडेआठ इंचाचं अंतर १८.८३ मिलिमीटर यायला हवं. प्रत्यक्षात ते साडेसोळा आहे. कारण असं की युरोपातलं साडेतीन मिलिमीटरचं माप घेतलं तर इंग्लंडच्या बारकुड्या इंजिनांत त्या काळची मोटर मावेना. मग इंजिन मोठं केलं आणि रूळ तेवढाच ठेवला. जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा फरक, पण त्यावरून आपल्याकडे शेताच्या बांधावरून होते तशी भाऊबंदकी आहे. काही जणांनी वेगळं बिऱ्हाड करून १८.२ चा रूळ धरला. त्यांनाही पाखंडी ठरवून आणखी कडव्यांनी थेट १८.८३ धरला, आणि ते आता स्वतःची चाकं स्वतः बसवतात. मी साडेसोळावाला. लोकलच्या दारात एका पायावर उभं राहून वाढलेल्या माणसाला सव्वादोन मिलिमीटरचं काही वाटत नाही.

फलाटाचं मात्र वाटतं. मॉडेलच्या फलाटावर साधारण पाच-सहा माणसं असतात: एक सुटकेस घेतलेली बाई, एक पाइपवाला, एक कुत्रं. गाडी येते, थांबते, जाते. कुणी हलत नाही. डोंबिवलीकराला हे बघवत नाही. मी एकदा सकाळच्या आठच्या फलाटाचा हिशेब मांडून पाहिला. ती प्लास्टिकची माणसं पुडीत मोजकीच येतात, आणि एक फलाट भरायचा तर घर गहाण टाकावं लागेल. म्हणून मी स्टेशनच बांधलं नाही. डिझेल शेड बांधली. तिथे गर्दी इंजिनांची असते, आणि चार फूट फळीवर आठ-दहा उभी करता येतात. गावाकडच्या छोट्या फाट्यावर, म्हणजे शाखामार्गावर, ती एकदम दिसली तर लोक विचारतील. फाटेवाल्यांची अडचण आणखी वेगळी. १९६३ च्या बीचिंग अहवालाने २३६३ स्थानकं बंद करायची शिफारस केली होती. त्यामुळे सत्तरच्या दशकातला फाटा दाखवायचा तर तो वाचला कसा, याची कथा रचावी लागते. कुठे चिनी मातीची खाण निघते, कुठे तोफखाना. इंग्लंडच्या माळ्यांवर एवढे फाटे वाचले आहेत की बीचिंगसाहेबांनी नक्की बंद काय केलं, असा प्रश्न पडावा.

प्रदर्शनात शेड मांडली की पाठीवर पिशवी अडकवलेले जाणते गृहस्थ येतात. ते काही बोलत नाहीत, आधी वाकतात. एकदा एक जण म्हणाला, “साल कुठलं?” मी म्हटलं, १९७७. “मग हेडकोडच्या खिडकीत चार शून्यं बरोबर. १९७६ च्या जानेवारीपासून त्यात गाडीचे सांकेतिक आकडे दाखवणं बंद झालं.” शेजारचा म्हणाला, “पण याच्या नाकावर तोवर दोन पांढरे ठिपके आले असतील.” पहिला म्हणाला, या विभागात नाही. दुसरा म्हणाला, याच विभागात. दोघांनी फोनवर फोटो काढले, मग पिशवीतून पुस्तकं. मी तोवर चहा आणि केक घेऊन आलो. परतलो तेव्हा ते तिसऱ्याच इंजिनावर पोचले होते आणि मला बघून त्यांनी विचारलं, “तुमचा काय संबंध हो या गाड्यांशी?”

याचं उत्तर माझ्याकडे तयार असतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी गेली, तिची इंजिनं न्यूटन-ल-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीची. त्याच कारखान्यात पुढे बाविसच्या बावीस डेल्टिक बांधल्या गेल्या, आणि बरीचशी क्लास ३७ सुद्धा. तेव्हा तुमच्या डेल्टिकच्या आधी शतकभर त्यांचं गिऱ्हाईक आम्ही. यावर दोघेही गप्प झाले. त्यांपैकी एकाने ते वहीत लिहून घेतलं.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. छंद बघायचा असेल तर डर्बीला यायची गरज नाही, तिथे जाऊन या. मला मात्र आता कल्याणची डिझेल शेड बांधायची आहे, ऐंशीच्या दशकातली. वाचकांपैकी कुणाचे वडील, काका, सासरे तिथे कामाला असतील आणि घरात जुने फोटो पडले असतील, तर कृपा करून रद्दीत टाकू नका. माणसांचे चेहरे अस्पष्ट आले असले तरी चालतील. घाण तेवढी नीट दिसायला हवी.