जोरी हाय, सोराची नाय

गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री शेवटचा टेम्पो हमरापूरच्या रस्त्याला लागला की पेणजवळच्या जोह्यातला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना एकदम रिकामा होतो. वर्षभर जिथे पाय ठेवायला जागा नसते, तिथे आता रबराचे साचे, काथ्याचे पुंजके, रंगाचे उपडे डबे आणि बोटभर पांढरी धूळ. या रिकामपणाची कोणालाच सवय नसते. मग कोणीतरी चटई अंथरतं, कोणीतरी पाट पुसतं आणि पत्ते निघतात. पत्त्यांच्या पाठोपाठ निघतो तो जोडीवाला.

पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव हा आढळतो. जोह्यात तो बहुधा कारखानदार असतो, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, कारागीर त्याला ‘शेट’ म्हणतात. अंगठ्याच्या नखात मुकुटाचा सोनेरी रंग, तो दसऱ्यापर्यंत निघत नाही. हातात दुर्री-दुर्री, तिर्री-तिर्री, फार तर पंजी-पंजी आली की हा पाठ ताठ करतो, डोळे बारीक करतो आणि शांतपणे विडी पेटवतो. आपल्या चेहऱ्यावरून काही कळत नाही, अशी त्याची पक्की समजूत असते.

पूर्वी इथे तीनपत्ती चालायची. पोकर आणलं ते पनवेलला कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने, मोबाइलवरून. आता टूर्नामेंट होते. प्रत्येकाला शंभर चिंचोके, ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावावे लागणारे चिंचोके, एक-दोनपासून सुरू आणि दर अर्ध्या तासाने दुप्पट. चिंचोके संपले त्याने उठायचं आणि चहा ठेवायचा. शेवटी उरेल त्याला नारळ. पैसे लावत नाहीत. 1887 सालचा जुगारबंदीचा कायदा अजून जिवंत आहे, आणि सणाच्या दिवसांत पोलीस पाटलाला तोंड दाखवायचं असतं.

जोडीवाल्याची खरी अडचण अशी की तो पोकरच्या चटईवर बसून तीनपत्ती खेळतो. तीनपत्तीत 22,100 प्रकारचे हात पडू शकतात. त्यांतल्या 16,440 हातांत जोडी नाही, रंग नाही, सीक्वेन्स नाही, काहीच नाही. म्हणजे दुर्रीची जोडीसुद्धा चारांतल्या जवळजवळ तीन हातांना जागेवरच मारते. ज्याची उमर या हिशेबात गेली, त्याने जोडी बघून हुरळू नये तर काय करावं? पोकरमध्ये मात्र प्रत्येकाला हातातले दोन आणि चटईवरचे पाच, असे सात पत्ते मिळतात. सात पत्ते उघडेपर्यंत साधारण सहांतून पाच वेळा समोरच्याकडेही किमान एक जोडी जमलेली असते, आणि जगातली कुठलीही जोडी दुर्रीपेक्षा मोठीच.

पुतण्याने हे त्याला तीन गणपती समजावलं. तो मान डोलवतो. त्या मान डोलवण्यावर जाऊ नये, गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तरी तो अशीच डोलवतो.

वास्तविक छोटी जोडी टाकाऊ नाही. सुरुवातीला सगळ्यांपुढे शंभर-शंभर चिंचोके असताना कोणी सहा लावले, तर तिर्रीच्या जोडीवर सहा द्यावेत. फ्लॉपच्या, म्हणजे चटईवर आधी उघडणाऱ्या तीन पत्त्यांत तिसरी तिर्री साडेआठ वेळांत एकदा येते, आणि आली की समोरच्याला कळायच्या आत त्याचे शंभर आपल्याकडे. नाही आली तर सहा गेले म्हणायचं आणि पत्ते टाकायचे. रात्र सरत आली, ब्लाइंड आठ-सोळा झाला, आपल्यापुढे ऐंशीच उरले, की मग उलटं. तिसऱ्या तिर्रीची वाट बघायला आता वेळ नाही. कोणी काही लावायच्या आत आपणच सगळे पुढे ढकलावेत. बाकीचे घाबरून टाकतील; एखाद्याने एक्का-राजावर मागितलंच, तरी सामना जवळजवळ निम्मा-निम्मा, केसभर आपल्या बाजूला.

जोडीवाला नेमकं दोन्हीकडे उलट करतो. सुरुवातीला फ्लॉपवर राणी, गुलाम, नव्वी असे तीन दांडगे येऊन बसतात, पुढून पंधरा लागतात, तरी याचं आपलं एकच: “जोरी हाय, सोराची नाय.” आणि शेवटी, ढकलायची वेळ येते तेव्हा हा म्हणतो, “आधी बघू तरी.” मग दुसरा कोणी ढकलतो आणि हा मागतो. समोरून सत्तीची जोडी निघते. तिथे पाचांत एकदा जिंकायची आशा. मागण्यात आणि ढकलण्यात फरक काय, ते त्याला कोणी समजावू शकलेलं नाही.

गंमत म्हणजे धंद्यात हा माणूस असा मुळीच नाही. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्तींवरची बंदी काटेकोर पाळा म्हणून सांगितलं, तेव्हा हमरापूर-जोह्यात सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. याने त्याच आठवड्यात प्लास्टरची पोती मागवणं थांबवलं, थोडी शाडू घेतली, थोडा कागदाचा लगदा करून बघितला, कच्च्या मालाच्या दोन ऑर्डरी सरळ सोडून दिल्या. 9 जूनला न्यायालयाने मूर्ती करायला आणि विकायला वाट मोकळी केली, तेव्हाही तो धावत सुटला नाही. आधी विसर्जनाचं काय ठरतं ते बघितलं. कान तुटलेली मूर्ती दुरुस्त करण्यात अर्धा दिवस घालवणाऱ्या पोराला तो सुनावतो, “शाडू भिजवून परत होते, प्लास्टर एकदा बसलं की बसलं, टाक तिकडे.” चिंचोके चटईवर गेले की तेही बसलेलं प्लास्टरच, हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही.

उदाहरणं त्याला एकाच बाजूची पाठ आहेत. ख्रिस मनीमेकर! 2003 सालची जागतिक स्पर्धा, अमेरिकेतला साधा हिशेबनीस, 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून आला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. वाटेत त्याची अठ्ठीची जोडी समोरच्या एक्क्यांच्या जोडीला भिडली आणि तिसरी अठ्ठी आली! हे सांगताना जोडीवाल्याचा आवाज भरून येतो. याच स्पर्धेच्या 1987 सालच्या शेवटच्या डावात फ्रँक हेंडरसन चौकीच्या जोडीवर हरला, 2015 च्या शेवटच्या डावात जॉश बेकलीही चौकीच्याच जोडीवर हरला, हे पुतण्याने काढलं की त्याला नेमका कोणाचा तरी फोन येतो.

मध्ये दोन वर्षं तो मोबाइलवरही खेळायचा. रंग वाळेपर्यंतचा वेळ, रात्रीचे दोन, एका हातात ब्रश. 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही होऊन पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. गणपती 27 ला. माल चढवायच्या धांदलीत त्याला बातमी कळली ती चौथ्या दिवशी, आणि घरात सर्वांत मोठा निःश्वास सोडला तो त्याच्या बायकोने. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्येच रमीला कौशल्याचा खेळ म्हटलंय, असं तो तावातावाने सांगू लागला. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ नशिबाचा म्हटलाय, हे पुतण्या पुटपुटला. पुन्हा फोन आला.

तेव्हापासून फक्त चिंचोके. पण तिथेही त्याचं एक दुखणं आहे, आणि ते चटईवरच्या सगळ्यांना माहीत आहे, त्याला सोडून. मोठे पत्ते तो बघतो न बघतो आणि खेळतो. छोटी जोडी आली की मात्र दोन्ही पत्ते अंगठ्याखाली दाबून धरतो, पुन्हा उचलून बघतो, पुन्हा दाबतो. त्यामुळे कॅटमधल्या दुर्रीपासून पंजीपर्यंतच्या सगळ्या पत्त्यांच्या पाठीवर सोनेरी ठसे आहेत. राजा-राण्या कोऱ्या.

गेल्या वर्षी कंटाळून त्याने स्वतःच पेणहून नवा कॅट आणला. “हा जुना पनवती हाय.” पहिल्या तासात तो खरंच जिंकत होता. साडेदहाच्या सुमाराला त्याने दोन पत्ते उचलले, पाठ ताठ केली, विडी पेटवली. समोर बसला होता आखणी करणारा कारागीर. केसाएवढ्या ब्रशने गणपतीचे डोळे उघडणारा माणूस तो, नजर काय असणार! त्याने शेटच्या अंगठ्याखाली चमकणारे दोन ठिपके पाहिले, आपल्या हातातली दश्शीची जोडी पाहिली आणि सगळे चिंचोके हलकेच पुढे सरकवले.

शेटने पत्ते पुन्हा उचलून पाहिले.

“शेट, सोडा,” पुतण्या कानाशी म्हणाला.

“अरे, जोरी…”

कारागिराने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, लुंगीला हात पुसले आणि नारळ कुठे ठेवलाय म्हणून मागे वळून बघितलं.