एकच तर भिंत सरकवायचीय

प्लास्टर ओलं असतानाच मालकांना साक्षात्कार होतो, की स्वयंपाकघर आग्नेयेलाच हवं. (वास्तुशास्त्री स्लॅब पडल्याशिवाय येत नाहीत.) नकाशावर रेघ पुसायला दोन मिनिटं पुरतात. इकडे गवंडी स्वतःच रचलेली भिंत फोडतो, बिगारी राडारोडा चार मजले खाली वाहतो, प्लंबर इलेक्ट्रिशियनसाठी अडतो, इलेक्ट्रिशियन सुधारित नकाशासाठी, आणि नकाशा ‘संध्याकाळपर्यंत’ येणार असल्यामुळे सगळे विटांच्या ढिगावर बसतात. नेमके तेव्हाच मालक साइटवर अवतरतात. ‘हल्ली मजुरांना कामच नको असतं हो!’

एकसारखे मजले चढवत गेलं की सेंट्रिंगवाल्यांच्या टोळीचा हात बसतो, वेग वाढतो. बदल आला की पुन्हा श्रीगणेशा. ठेकेदार जादा भिंतीचं बिल लावतो. मोडलेल्या लयीसाठी बिलात रकाना नसतो.

हौस मोठी तर आकडेही मोठे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम १९५९ मध्ये छताचं डिझाइन पक्कं होण्याआधीच सुरू झालं. पुढे खालचे खांब ते छत पेलणार नाहीत असं दिसलं, ते पाडून पुन्हा बांधले. सुमारे ७० लाख डॉलरचा अंदाज १० कोटी २० लाखांवर गेला, १९६३ची इमारत १९७३ मध्ये उघडली. तिथे निदान मैफली तरी होतात.

आमच्याकडे आग्नेयेची भिंत परवा उभी राहिली. सूनबाईंना ओपन किचन हवंय, हे काल कळलं.