देव, पुढारी आणि पुडी

पार म्हणजे वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोवती बांधलेला चौथरा. गावोगावी तो मारुतीच्या देवळापुढे किंवा एसटीच्या थांब्याशेजारी सापडतो, कारण दोन्ही ठिकाणी वाट पाहत बसणे हेच मुख्य काम असते. पारावर बसणाऱ्याला जात विचारत नाहीत, असे अभिमानाने सांगतात. ती सगळ्यांना आधीपासून माहीत असते, त्यामुळे विचारायचे कारणच पडत नाही. बायका तिथे बसत नाहीत. त्यांचे कामकाज नळावर, गिरणीत आणि बचत गटाच्या बैठकीत चालते, आणि पारावर सकाळी झालेले ठराव तिथे संध्याकाळपर्यंत रद्दबातल होतात.

पाराच्या मंडळाला घटना नाही, पण जागा ठरलेल्या असतात. बुंध्याला टेकण्याचा मान निवृत्त गुरुजींचा. ते पेपर शेवटच्या पानापासून वाचत येतात, कारण पहिल्या पानावरच्या माणसांना ते पुरते ओळखून असतात. त्यांच्या डाव्या हाताला एक माळकरी, जो पीत नाही, पण गावात कोण किती पितो याची नोंद तलाठ्यापेक्षा चोख ठेवतो. कडेला पाय सोडून मागच्या निवडणुकीत पडलेला उमेदवार. आणि एक असा, ज्याचा धंदा काय हे कोणालाच सांगता येत नाही, पण ज्याच्या चंचीतली तंबाखू कधी संपत नाही. खरे अध्यक्षपद त्याच्याकडे.

या मंडळाची देवाधर्माबद्दल, राजकारणाबद्दल आणि नशापाण्याच्या कायद्यांबद्दलची मते ऐकून शहरातला पाहुणा बिचकतो. गाव नास्तिक झाले की काय, असे त्याला वाटते. तसे काही नसते. पार या तिन्हींकडे उधारीच्या वहीतून पाहतो. देव, पुढारी आणि गुत्तेवाला ही त्याची तीन खाती. कोणाला पैसे आधी, कोणाला काम झाल्यावर आणि कोणाला शक्यतो कधीच नाही, एवढ्यात त्याचे तत्त्वज्ञान आटोपते.

देवाचे खाते सर्वांत स्वच्छ. नवस हा गावातला असा एकमेव करार आहे की ज्यात कोणी विसार मागत नाही. पोरगा पोलिसात लागला तर पाच किलो पेढे, सुनेला मुलगा झाला तर बोकड. काम झाले नाही तर देणे लागत नाही, आणि देवही तगादा लावत नाही. पाऊस ओढ देतो तेव्हा मात्र हा व्यवहार जप्तीवर येतो. काही गावांत महादेवाच्या गाभाऱ्याचा उंबरा चिखलाने बुजवतात आणि पिंड बुडेपर्यंत घागरी ओततात. देव गुदमरला की पाऊस पाडतो, ही समजूत. ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा वाक्प्रचारही याच घराण्यातला. पार या विधीला सरळ घेराव म्हणतो. साहेबाला असे कचेरीत कोंडले असते तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा पडला असता. महादेवाने आजवर फिर्याद दिलेली नाही. अडचण एकच आहे आणि ती पडलेल्या उमेदवाराने शोधून काढली. दुष्काळात पिंड बुडवायला पाणी येते टँकरचे. म्हणजे देवाला कोंडायचे, तर अर्ज पुन्हा साहेबाकडेच.

असे बोलण्यात पाराला पाप वाटत नाही, कारण याहून तिखट त्याने कीर्तनात ऐकले आहे. गाडगे महाराज (१८७६–१९५६) खराटा घेऊन गावात शिरत, आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच उलटसुलट प्रश्न विचारून नवसाची, बोकडाची आणि कर्ज काढून केलेल्या सणांची सालपटे काढत. त्यांचा भर धर्मशाळा बांधण्यावर होता, देवळांवर नव्हता. पुढे सरकारने ग्रामस्वच्छतेचे अभियान त्यांच्याच नावाने काढले. तपासणीची समिती येणार त्या दिवशी गाव खरोखरच आरशासारखे होत असे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओळखू येई.

जीर्णोद्धाराचा विषय निघाला की मंडळ हळवे होते. काळ्या दगडाच्या देवळाला आधी ऑइलपेंट लागतो, मग फरशी, मग पायऱ्यांवर देणगीदारांची नावे कोरली जातात. ज्याच्याशी बांधावरून वाकडे आहे त्याच्या नावावर दाबून पाय ठेवत लोक वर चढतात. दर्शन आणि सूड एकाच फेरीत उरकतो, ही सोय जुन्या दगडी पायऱ्यांत नव्हती.

पुढाऱ्याचे खाते याच्या बरोबर उलट चालते. देवाला काम झाल्यावर द्यायचे, पुढाऱ्याकडून कामाआधी घ्यायचे. कारण देव पाच वर्षांनीही त्याच गाभाऱ्यात सापडतो.

सरपंच कोणी निवडायचा याबद्दल गुरुजींनी पेपरच्या कडेला एक टिपण ठेवले आहे. २०१७ मध्ये ठरले की तो थेट गावाने निवडावा. २०२० मध्ये ठरले की सदस्यांनी निवडावा. २०२२ मध्ये पुन्हा गावाची निवड बरी वाटू लागली. गावाची अक्कल दोन-तीन वर्षांच्या पाळीने वाढते आणि कमी होते, आणि ती पाळी मुंबईत सरकार बदलते तेव्हाच येते, असा गुरुजींचा निष्कर्ष. पंचायतीत बायकांना निम्म्या जागा मिळाल्यापासून ‘सरपंचपती’ नावाचे एक पद कायद्याला न विचारता जन्माला आले. दाखल्यावर सही बाईंची, शिक्का खिशात पतीच्या. तरी अलीकडे काही बायका शिक्का परत मागू लागल्या आहेत, आणि पारावर या बातमीने जेवढी शांतता पसरली तेवढी कुठल्याच अर्थसंकल्पाने पसरली नव्हती.

देवाचे आणि पुढाऱ्याचे खाते एकत्र केले तर काय होते, याचा प्रयोग डिसेंबर २०२० मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे गावात झाला. सरपंचपदाची बोली लागली, ती २ कोटी ५ लाखांवर थांबली आणि रक्कम मंदिराच्या कामाला जाणार होती. राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. आयोगाचे बरोबर होते, यात वाद नाही. पाराची हरकत मात्र वेगळीच निघाली: बाकी ठिकाणी आकडा कळत नाही आणि देवळालाही काही मिळत नाही, तिथे आयोग का जात नाही?

तिसरे खाते नशेचे, आणि त्यात नोंदी सर्वांत जास्त. सुरुवात तंबाखूपासून करावी लागते, कारण पारावर कुठलीही सुरुवात तिथूनच होते. डाव्या तळव्यावर तंबाखू, वर बोटभर चुना, अंगठ्याने मळणे, मग दोन थापट्या मारून भुकटी उडवणे. मळलेली चिमूट शत्रूलाही नाकारत नाहीत. वाटणीचा दावा वीस वर्षे लढणारे दोन भाऊ कोर्टाची तारीख घेऊन एकाच एसटीने परततात आणि एकाच चंचीतून चिमूट घेतात. दाव्यात तडजोड होत नाही, तंबाखूत होते.

जुलै २०१२ मध्ये राज्यात गुटखा बंद झाला. बंद झाला म्हणजे पुडी टपरीच्या माळेवरून खालच्या डब्यात गेली आणि महाग झाली. बंदीचा हुकूम एका वर्षापुरता असल्याने तो पुढची अनेक वर्षे नव्याने काढत राहावे लागले. माळकऱ्याच्या मते ही सरकारची घटस्थापना: दरवर्षी बसवायची, दरवर्षी उठवायची, देवी जिथल्या तिथे.

दारूचा कायदा १९४९ चा, आणि त्याच्याइतका विनोदी ग्रंथ मराठी मुलखात दुसरा झाला नाही. महाराष्ट्रात दारू पिणे मुळात मनाई आहे. परवाना हा अपवाद. विदेशी दारूचा हा परवाना माणसाला मौजेसाठी मिळत नाही, तर ‘आरोग्य राखण्यासाठी’ मिळतो. हे गुरुजींनी वाचून दाखवले तेव्हा माळकरी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे गुरुजी, गावात तब्येतीची हेळसांड करणारा मी एकटाच.”

न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरपर्यंत दारूविक्रीला बंदी घातली. पुढच्या वर्षी वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केले. पारावर प्रश्न निघाला की हे मीटर जाताना मोजायचे की येताना, कारण येतानाचे अंतर नेहमीच जास्त भरते. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचे ठरवले आणि वाइन म्हणजे दारू नव्हे, ती द्राक्ष बागायतदाराच्या हिताची आहे, असे सांगितले गेले. हे पाराला एकदम पटले. देशी ही उसाच्या मळीची, तेव्हा तीही ऊस उत्पादकाच्या हिताचीच. निर्णय पुढे रेंगाळला, युक्तिवाद मात्र गावात कायमचा राहिला.

कोकण-गोव्यात कित्येक गावांच्या राखणदाराला विडी आणि दारू ठेवतात. देशावरच्या म्हसोबाचीही काही ठिकाणी तीच आवड. निवडणुकीच्या आदल्या दिवशी गावभर ड्राय डे असतो, पण राखणदाराच्या दगडापुढची बाटली जप्त केल्याचे ऐकिवात नाही. मतदारयादीत नाव नसण्याचा हा एक फायदा.

एका जागी मात्र पाराचा विनोद आटतो. २००८ च्या शासन आदेशाने बायकांच्या हाती एक मतपत्रिका आली, तिच्यावर दोन चित्रे: उभी बाटली आणि आडवी बाटली. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त जणींनी बाटली आडवी केली की दुकान बंद. बाटली उभी असली की नवरा आडवा होतो, हे गणित नळावर फार आधी सुटलेले होते. अशा मतदानाच्या दिवशी पार रिकामा असतो. पडलेला उमेदवार नंतर एवढेच म्हणतो की परवान्याचे दुकान गेले, ओढ्याकाठची हातभट्टी आहेच. ते खोटे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ची दारूबंदी २०२१ मध्ये उठवताना सरकारनेही चोरट्या दारूचेच कारण पुढे केले. पण हातभट्टी बंद करायला मतदानाची गरज नाही, पोलिसांची आहे, हे वाक्य पारावर कोणी बोलत नाही. त्याची बरीच कारणे संध्याकाळी ओढ्याकाठी भेटतात.

गांजाचे प्रकरण जुने. इंग्रज सरकारने १८९३ मध्ये हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला. हजाराहून जास्त साक्षी, सात खंडांचा अहवाल, आणि निष्कर्ष असा की माफक सेवनाने फारसे बिघडत नाही, सरसकट बंदी नको. पाराला हे तीन शब्दांत सांगता आले असते, पण त्याला साक्षीचा भत्ता कोणी दिला नाही. पुढे १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम आला. त्याचे नाव म्हणून होईपर्यंत चिलीम विझते. त्या कायद्याने एका झाडाची वाटणी केली. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा, चीक म्हणजे चरस, दोन्हींवर गुन्हा. शेंड्याविना नुसते पान मात्र व्याख्येतून सुटले आणि त्याचा बंदोबस्त राज्यांकडे राहिला. एका आईची तीन लेकरे: दोन तुरुंगात, एक महाशिवरात्रीला देवळात. भावकीत हे चालतेच, असे कोर्टाची तारीख असलेले दोघेही एकमताने म्हणाले.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज दिला की कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायला परवानगी द्यावी. परवानगी मिळाली नाही, पोलिसांनी अर्जाला प्रसिद्धीची हौस ठरवले. पारावर त्या दिवशी कोणी हसले नाही. फक्त चंचीवाल्याने विचारले, “आणि सगळ्यांनीच लावला तर भाव पडंल, मग सरकार हमीभाव देणार का?” गुरुजींनी पेपर घडी करून ठेवला.

अलीकडे बऱ्याच पारांचे आमदार निधीतून सुशोभीकरण झाले. दगड काढून त्या जागी चकचकीत काळा ग्रॅनाइट बसवला, बुंध्याला चुन्याऐवजी तिरंगी पट्टे ओढले आणि दर्शनी बाजूला उद्‌घाटकाच्या नावाची पाटी लावली. उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर त्या ग्रॅनाइटवर हात टेकवत नाही. मंडळ पलीकडे एसटीच्या थांब्याच्या पडवीत सरकले आहे. पारावर दुपारी एक शेळी बसते, पाटीच्या सावलीत.