एकट्याने डोंगर चढणारे गृहस्थ

माजलगाव हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव सिंदफणेच्या काठी, काळ्या जमिनीच्या सपाट पट्ट्यात वसलेले असून तेथे ऊस, कापूस आणि राजकारण ही तिन्ही पिके जोमाने येतात. डोंगर मात्र येत नाही. गावाजवळ चढण्याजोगे जे काही आहे ते म्हणजे जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर बांधलेले धरण, आणि त्याची भिंत साडेसहा किलोमीटरच्या आसपास लांब असली तरी तिची उंची ३१ मीटरच्या फारशी पुढे जात नाही. अशा गावात सह्याद्रीचा उभा डोंगर एकट्याने सकाळी चढून संध्याकाळी उतरणारे गृहस्थ आढळावेत, ही बाब भूगोलापेक्षा समाजशास्त्राच्या कक्षेत येते.

हे गृहस्थ साधारणतः चाळिशी ओलांडलेले असतात. ते माध्यमिक शिक्षक, बँकेतील रोखपाल किंवा कृषी सेवा केंद्राचे, म्हणजे बियाणे, खते आणि फवारणीची औषधे बहुतांशी उधारीवर देणाऱ्या दुकानाचे, मालक असतात, आणि त्यांच्या डोंगरप्रेमाचा उगम बहुधा रक्तातील साखरेच्या तपासणी अहवालात सापडतो. ते एकटे जातात यावरून ते मुळातच एकांतप्रिय असावेत, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. आरंभी ते मोबाइलवर रीतसर गट स्थापन करतात, त्यात वीस-पंचवीस जण तत्काळ अंगठा दाखवतात, आणि तो अंगठा कोणत्या अर्थाने दाखवला होता हे शुक्रवारी रात्री स्पष्ट होते. एकाच्या उसाला तोड आलेली असते, म्हणजे त्याचा ऊस तोडून नेण्याची कारखान्याने लावलेली पाळी नेमकी त्याच दिवशी येते आणि ती चुकवणे परवडत नाही. दुसऱ्याच्या साडूच्या मुलीचा साखरपुडा निघतो. आणि दर सुमारे तीन वर्षांनी येणारा अधिक महिना चालू असेल, तर तिसरा जावई या नात्याने सासुरवाडीला धोंडे, म्हणजे जावयासाठी करण्याचे पुरणाचे उंडे, खायला गेलेला असतो आणि चौथ्याला याच तालुक्यातील पुरुषोत्तमपुरीच्या दर्शनाला घरच्यांना घेऊन जायचे असते. गटातून उरलेला हा एकमेव सदस्य पुढे आपल्या एकटेपणाला तत्त्वज्ञानाचे रूप देतो, आणि 'डोंगर एकट्यानेच अनुभवावा' हे विधान ते जन्मापासूनचे मत असल्याच्या थाटात करू लागतो.

या गृहस्थांची पहिली पसंती हरिश्चंद्रगडाला असते, व तिच्यामागे दोन प्रमाणे दिली जातात. पहिले असे की, सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे निघणारी हरिश्चंद्र-बालाघाट डोंगररांग याच गडाच्या परिसरात सुरू होते आणि अहिल्यानगर जिल्हा ओलांडून बीड जिल्ह्यात शिरते. धारूरचा किल्ला आणि धारूरचा घाट हे तिचेच भाग होत. दुसरे प्रमाण असे की, कल्याणहून माळशेज घाट, आळेफाटा, पाथर्डी आणि गढी या मार्गाने माजलगावात येऊन परभणी-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ हा गडाच्या पायथ्याजवळून जातो. सारांश, डोंगरही आपलाच आणि रस्ताही आपलाच, मधले अडीचशे किलोमीटर तेवढे शासनाचे, अशी त्यांची भूमिका असते.

सरावाचा पहिला टप्पा धरणावर पार पडतो. खिरेश्वर गावातून गडमाथ्यापर्यंतची चढाई साधारण सातशे मीटरची असल्याने भिंतीची उंची बावीस-तेवीस वेळा चढणे हा हिशेब कागदावर निर्दोष असतो, प्रत्यक्षात तिसऱ्या फेरीला एखादा ओळखीचा मनुष्य मोटारसायकल थांबवून "सर, एकटेच कामून? घरी काही झालं का?" असे विचारतो. माजलगावच्या सार्वजनिक जीवनात एकटा चालणारा मनुष्य हा नवस, भांडण किंवा निवडणुकीतील पराभव यांपैकी एका कारणाने चालत असतो, आणि व्यायाम हे चौथे कारण अद्याप सर्वमान्य झालेले नाही. त्यामुळे सरावाचा वेळ खुलासे देण्यात संपतो व उरलेल्या फेऱ्या गडावरच होतील असे ठरते.

एकट्याने जाण्यासाठी किती माणसे लागतात, हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. जाण्याची वाट आणि परतीची वेळ कोणाला तरी सांगून ठेवावी, हा डोंगरातील सुरक्षिततेचा मूलभूत नियम होय. हे गृहस्थ तो इतक्या निष्ठेने पाळतात की पत्नी, दोन मेहुणे, शाळेतील शिपाई आणि बसस्थानकासमोरचा चहावाला यांना ती वाट तोंडपाठ होते. पाठपिशवीत शिटी, विजेरी आणि तीन लिटर पाणी यांच्या जोडीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा असा चार जणांना पुरेल एवढा डबा असतो, कारण एकट्या माणसाला वाटेत कोणी भेटले तर काय द्यायचे, ही चिंता घरातील स्त्रियांनी आधीच वाहिलेली असते.

रात्रीची एसटी, आळेफाट्यावरचा पहाटेचा चहा आणि पुढे मिळेल ते वाहन अशा क्रमाने गृहस्थ खिरेश्वरला पोहोचतात, आणि गावातील वाटाड्याने विचारलेल्या प्रश्नाला "गरज नाही" असे उत्तर देऊन त्याच्याकडूनच संपूर्ण वाट समजून घेतात. झाडीतून तोलार खिंडीपर्यंत चढ असतो. खिंड म्हणजे डोंगररांगेतील खोलगट जागा, जिथून रांग ओलांडता येते. त्यापुढे उघडी सोंड लागते. मुख्य डोंगरापासून खाली उतरत गेलेल्या अरुंद, तीव्र उताराच्या कण्याला सोंड म्हणतात, आणि तिच्यावर उभ्या कातळाचा टप्पा असून आधारासाठी लोखंडी कठडे बसवलेले आहेत. याच भागात गृहस्थांच्या ज्ञानलालसेला भरती येते. पहिल्या थांब्यावर ते भूशास्त्राकडे वळतात व सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून हा कातळ झाला, आणि कठीण थरांचे कडे व मऊ थरांचे सपाट टप्पे बनले, हे कमरेवर हात ठेवून न्याहाळतात. दुसरा थांबा वनस्पतिशास्त्राचा असतो आणि साधारणपणे सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी तेव्हा फुललेली नसली तरी तिचे निरीक्षण दीर्घकाळ चालते. खिंडीतील वाघाच्या शिल्पाजवळ इतिहास आधीच आटोपलेला असल्याने कातळाच्या माथ्यावर अध्यात्माखेरीज विषय उरत नाही. एका चढावर किती शास्त्रांचा अभ्यास झाला यावरून अभ्यासकाच्या फुफ्फुसांचा अंदाज बांधता येतो.

१४२२ मीटर उंचीच्या या गडावर हरिश्चंद्रेश्वराचे कोरीव मंदिर आणि केदारेश्वराच्या गुहेतील थंडगार पाण्यात उभे असलेले भव्य शिवलिंग आहे. परंतु गृहस्थांचे पाय आधी पिठलं-भाकरी मिळणाऱ्या झोपडीकडे वळतात, आणि पाठीवरचे धपाटे शेजारी बसलेल्या पुण्याच्या मुलांमध्ये वाटले जातात. कोकणकडा हा आत वळलेला प्रचंड कडा इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. इंद्रवज्र म्हणजे दरीतल्या धुक्यावर उमटणारे गोलाकार इंद्रधनुष्य, ज्याच्या मध्यभागी पाहणाऱ्याला आपलीच सावली दिसते. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याला ते येथे दिसले, असे सांगितले जाते. एकट्या प्रवाशासाठी याहून अनुरूप दृश्य निसर्गाने निर्मिलेले नाही. तथापि गृहस्थ पोहोचतात तेव्हा ऊन कडक झालेले असते आणि स्वतःची प्रतिमा पाहण्याचे काम मोबाइलवर भागवावे लागते. एकटेपणाचे छायाचित्र स्वतः काढल्यास त्यात हाताची लांबी दिसते, म्हणून ते पुण्याच्या मुलांकडून, त्यांना चौकटीबाहेर उभे करून, काढून घेतले जाते. त्या वेळी त्यांच्यातील एकाने विचारलेला "काका, एकटे आलात?" हा प्रश्न म्हणजे साऱ्या खटाटोपाचे फळ असते, आणि त्यातील 'काका' हा शब्द उदार मनाने दुर्लक्षिला जातो.

उतरताना गुडघे बोलू लागतात व शास्त्रे मुकी होतात, त्यामुळे त्याविषयी फारशी माहिती उपलब्ध नाही. माजलगावात मात्र वृत्तान्त आठवडाभर चालतो. सोमवारी जी सोंड नुसती उभी होती ती गुरुवारपर्यंत सरळ भिंत झालेली असते, आणि कठडे शनिवारी कायमचे गळून पडतात. याच सुमारास एखादा श्रोता, ज्याचा ऊस कारखान्याला गेलेला आहे आणि साडूच्या मुलीचे लग्नही पार पडले आहे, तो मनापासून म्हणतो, "पुढच्या बारीला म्या येतो." ज्या सोबतीसाठी गृहस्थांनी मूळचा गट स्थापन केला होता, ती अखेर चालून आलेली असते. परंतु सोबती म्हणजे साक्षीदार. त्याला सोंडेचा खरा चढ, शाबूत कठडे आणि शास्त्रांची एकूण संख्या हे सर्व ठाऊक होणार, हे क्षणार्धात ध्यानी येऊन गृहस्थ चहाचा कप खाली ठेवतात आणि डोंगर एकट्यानेच का अनुभवावा, हे त्याला प्रथमच संपूर्ण प्रामाणिकपणे समजावून सांगतात.