परदेशी धिप्पाड कावळा : परभणीकर प्रवाशांसाठी मार्गदर्शिका

परभणी जिल्ह्यातील नेहमीचा कावळा म्हणजे राखाडी मानेचा गावकावळा. लांबी सुमारे ४० सेंटीमीटर, वजन पाव किलोहून थोडे अधिक. टोकियोतील कावळा शिवारातल्या डोमकावळ्याचा भाऊबंद. पण लांबी ५५ सेंटीमीटरच्या आसपास, वजन पाऊण किलोपर्यंत, पंख पसरले की मीटरभर. लांबून कोंबडा समजून भाव विचारू नये.

परभणीकराची खरी अडचण आकाराची नाही, जुन्या संबंधांची आहे. गंगाखेडला गोदाकाठी दहाव्याच्या दिवशी कावळा पिंडाला शिवावा म्हणून घरची मंडळी हात जोडून ताटकळतात, गेलेल्याच्या राहिलेल्या इच्छा एकेक बोलून पाहतात. कावळा अडून बसला तर एरवी वर्षानुवर्षे न सुटलेली वाटणीही तिथे कबूल होते. अशा संस्कारात वाढलेल्या माणसाला मोठा कावळा दिसला की हा मोठ्या घराण्यातला पूर्वज असावा असे वाटते, आणि तो नम्रपणे पुढे सरकतो. सरकू नये.

टोकियोतील कावळ्याला पान वाढून हाक मारावी लागत नाही. तो कचऱ्यावर पोसला आहे. २००१ साली तिथे सुमारे ३६ हजार कावळे मोजले गेले, तेव्हा गव्हर्नर शिंतारो इशिहारा यांनी पिंजरे लावून धरपकड सुरू केली. कचऱ्याच्या पिशव्यांवर जाळ्याही आल्या. पुढे संख्या बरीच घटली, भूक नाही. उएनो बागेत धपाट्यांचा डबा उघडू नये.

मे-जूनमध्ये, पिल्ले लहान असताना, विशेष जपावे. घरटे झाडावर असते. त्यात कपडे वाळवायचे तारेचे हँगर सर्रास आढळतात. हँगर हरवल्यास शेजाऱ्याशी भांडण्यापूर्वी वर पाहावे. हल्ला पाठीमागून होतो आणि बहुधा चोचीने नव्हे, पायांनी डोक्यावर लाथ बसते. परभणीकडे कावळा डोक्याला शिवला की आधी अंघोळ करतात. इथे आधी रक्त आले का ते पाहावे.

छत्री उघडून चालणे उत्तम. छत्री नसल्यास वारकऱ्यासारखे दोन्ही हात सरळ वर करावेत. हातांवर पंख आपटेल या धास्तीने कावळा खाली झेपावत नाही. टाळ नेण्याची गरज नाही. दगड मात्र उचलू नये. जपानमध्ये परवान्याविना रानपाखरे पकडणे किंवा मारणे हा गुन्हा आहे.

शिवाय कावळा डूख धरतो. अमेरिकेत सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा चढवून काही कावळे पकडले व सोडून दिले. त्यानंतर वर्षानुवर्षे तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करीत, आणि त्यांत कधीच न पकडलेलेही असत. मुखवट्यावर टोपी घातली, तो उलटा लावला, तरी ओळख पटे. त्यामुळे एकदा वाकडे आल्यावर वेषांतराचा खर्च करू नये. रस्ता बदलावा, दुसरा रस्ता नसल्यास हॉटेल बदलावे.