मायक्रॉनकाका

पोळी किती जाड झालीय हे काकूंना आकड्यात सांगण्याचं धाडस मायक्रॉनकाकांनी लग्नानंतर एकदाच केलं. तेव्हापासून त्यांच्या व्हर्निअरला स्वयंपाकघरात मज्जाव आहे. पिंपरीच्या टूलरूममध्ये हयात गेलेला माणूस. 'साधारण' आणि 'अंदाजे' हे शब्द त्यांच्या लेखी शिव्याच.

सुट्टीत नातीने बिस्किटांच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा करायला घेतला. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून ती सुई टोचणार, तोच काका ओरडले, "थांब! डबा किती खोल आहे?"

शंभर मिलिमीटर. लगेच लॉर्ड रॅलींचं सूत्र निघालं: खोली गुणिले प्रकाशाची तरंगलांबी, त्याचं वर्गमूळ, गुणिले १.९. हिरव्या प्रकाशाचे ०.०००५५ मिमी धरले की भोक ०.४५ मिमी. मोठं झालं तर चित्र पुसट; फार लहान झालं तर प्रकाश कडेला वळून पसरतो, तरी पुसटच.

आता ते मोजायचं कसं? व्हर्निअरचे जबडे भोकात शिरेनात. स्क्रूगेजने सुई मोजावी, तर ती टोकाला निमुळती. किती आत गेली कोण सांगणार? अखेर मुलाचा स्कॅनर ताब्यात आला. २४०० डीपीआयला एक ठिपका जेमतेम ०.०१ मिमीचा. चष्मा कपाळावर सरकवून, नाक पडद्याला टेकवून काका ठिपके मोजू लागले.

"आडवे त्रेचाळीस, उभे सत्तेचाळीस. अगं, हे भोक नव्हे, अंडं आहे!"

रद्द. मग पत्र्याखाली पुठ्ठा, सुई गोल फिरवत दाब, मागची कड पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा स्कॅनर. प्रत्येक भोकाला स्वतंत्र पाकीट. वर दोन्ही व्यास, तारीख आणि सही. पाकिटं वाढत गेली. डबा रिकामाच. (अशा माणसांना फोटो नकोच असतो, फोटो निघाला की मोजायचं काय?)

नातीने दुसरा डबा घेतला. काकूंनी शिवणाच्या सुईने एक टोचा मारला. न्हाणीघरात अंधार करून फोटोचा कागद आत बसवला, डबा गच्चीच्या कठड्यावर अर्धा मिनिट उन्हात. निगेटिव्हवर समोरचा गुलमोहर, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, सगळं आलं.

काकांनी चित्र पाहिलंच नाही, आधी पत्रा स्कॅनरवर ठेवला. ०.३९ मिमी. एवढ्या फरकाने चित्राचं काही बिघडत नाही, प्रकाश थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, इतकंच. हे काकांनाही ठाऊक आहे. तरी त्यांनी निकाल दिला, "चित्र पास. भोक रिजेक्ट."